मडके वाजवून घ्यावे, यंत्र चालवून

(महिला बचत गटांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



यंत्रखरेदीवर बोलण्यासाठी मला येथे पाचारण केले आहे. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. माहिती अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना जे पाहिले, तेवढीच माझी शिदोरी. त्यातील एक प्रसंग प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी तूर पिकवणाऱ्या एका गावी गेलो होतो. तेथील गटाने कर्ज काढून मोठी डाळमिल घेतली होती. यंत्रावर पूजेच्या दिवशीची हळदकुंकवाची बोटे तशीच होती. वर मात्र प्लास्टिकचा कागद पांघरलेला. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "साहेब, यंत्र वाईट नाही, ते आमच्या मापाचे नाही." कर्जाचे हप्ते त्या भगिनी निंदणी-खुरपणीच्या मजुरीतून फेडत होत्या.

म्हणून पहिला प्रश्न 'यंत्र कोणते?' हा नव्हे, तर 'आपले काम किती?' हा होय. तूर यंत्रात टाकली की लगेच डाळ होते, असे नाही. आधी खरखरीत एमरीच्या रोलरवर दाण्याला ओरखडे पाडावे लागतात. मग तेलाचा हात, पाण्याचा ओलावा आणि उन्हात वाळवण. तेव्हा कुठे टरफल सुटते व दाणा दुभंगतो. या वाळवणीस काही दिवस जातात. म्हणजे उन्हावर चालणाऱ्या धंद्याचे खरे माप यंत्राच्या पाटीवर नसून तुमच्या अंगणात आहे. दररोज दोन क्विंटल तूर वाळून निघेल एवढीच जागा असताना दहा क्विंटलचे यंत्र घेतले, तर ते पाच दिवसांतून एक दिवस चालेल. व्याज मात्र पाचही दिवस चालेल. त्या गावी नेमके हेच घडले होते. शिवाय थ्री फेज वीज बरेचदा रात्रीच मिळे. तेव्हा आपल्या गावी थ्री फेज वीज केव्हा व किती तास असते, याची महिनाभर नोंद ठेवा आणि मगच मोटारीचा विचार करा.

दुसरी गोष्ट उताऱ्याची. समजा, दिवसाला ५ क्विंटलप्रमाणे १२० दिवसांत तुम्ही ६०० क्विंटल तूर भरडली. एका यंत्राने दुसऱ्यापेक्षा दोनच टक्के डाळ कमी दिली व तेवढी चुरी झाली, तर हंगामात १२ क्विंटल डाळ गमावली. डाळ व चुरी यांच्या भावात किलोमागे ५० रुपयांचा फरक धरला, तरी तोटा ६० हजारांचा! खरेदीच्या वेळी वाचवलेले दहा हजार त्यापुढे काय होत? यासाठी छापील माहितीपत्रकावर विसंबू नका. आपल्याच शेतातील तूर पोत्यात भरून न्या, समोर भरडून घ्या आणि डाळ, चुरी, कळणा, टरफल वेगवेगळे तोलून पाहा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ग्रामीण उद्योगासाठी मिनी डाळमिल विकसित केली आहे. असे लहान यंत्र जेथे चालू आहे तेथे जा आणि विक्रेत्याला नव्हे, ते चालवणाऱ्याला विचारा.

तिसरी गोष्ट कागदाची. किमान तीन दरपत्रके मागवा. पण केवळ खालचा आकडा पाहू नका. एकाने मोटार व स्टार्टर धरलेले असतात, दुसऱ्याने ते वगळलेले असतात. वाहतूक, उभारणी, कर, प्रशिक्षण हे सारे एका तक्त्यात मांडले की स्वस्त-महाग आपोआप कळते. एमरीचा थर झिजतोच. तो पुन्हा कोण चढवून देणार, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे लिहून घ्या. हमीही तोंडी नको. सर्व रक्कम आगाऊ देऊ नका. आपल्या गावात, आपल्या विजेवर यंत्र चालून दाखवल्यानंतर शेवटचा हप्ता द्यावा, अशी अट आरंभीच घाला.

आता अनुदानाविषयी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगासाठी पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र अनुदान मिळते म्हणून मोठे यंत्र घेणे हा उलटा हिशेब होय. ३५ रुपये शासनाचे असले, तरी उरलेले ६५ तुमचेच आहेत आणि त्यांत व्याजाची भर पडते.

भगिनींनो, बाजारात मडके घेतानाही आपण ते बोटाने वाजवून पाहतो. कुंभार त्याचा राग मानत नाही. मग लाखाचे यंत्र घेताना प्रश्न विचारण्यास संकोच कशाला? विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती व्यवहाराची रीत आहे. यंत्रावर लावलेली हळदकुंकवाची बोटे रोजच्या कामाने पुसली जावोत, प्लास्टिकच्या कागदाखाली जपली जाऊ नयेत, एवढी सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.