ठोका हेच गाणे

ताल हा गाण्याचा सेवक, असे सामान्यतः समजले जाते. स्वर पुढे चालतो आणि ताल त्याला सांभाळतो. परंतु हॉलंडमधील रॉटरडॅम या बंदराच्या शहरात १९९० नंतरच्या काही वर्षांत भरभराटीस आलेल्या ‘गॅबर’ नावाच्या नृत्यसंगीताने हा क्रमच उलटा केला. तेथे ठोका हाच स्वर आणि ठोका हेच गाणे होय.

या संगीतात मिनिटाला सुमारे १५० ते १९० ठोके पडतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन. हा ठोका चामड्याच्या वाद्याचा नव्हे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८३ साली काढलेल्या टीआर-९०९ या विद्युत् तालयंत्राचा खर्ज ठोका घ्यावयाचा आणि तो उपकरणाच्या शक्तीपलीकडे वाढवावयाचा, अशी ही रीत आहे. ध्वनीची लहर मर्यादेबाहेर गेली की तिचा माथा छाटला जातो. अशा लहरीत मूळ ध्वनीखेरीज अनेक उपस्वर उत्पन्न होतात. एरवी क्षणात विरणारा नाद लांबतो, खरखरीत होतो आणि त्याला स्वराची स्पष्ट उंची लाभते. मग तोच ठोका वरखाली करून चाल बांधता येते. तबल्यावरील शाईमुळे चामड्याला स्वर येतो. येथे तेच कार्य ध्वनीच्या विकृतीने साधले आहे.

फ्रँकफर्टचे मार्क आकार्डिपाने यांची ‘वी हॅव अराइव्ह्ड’ ही रचना या मार्गाची अग्रदूत मानतात. रॉटरडॅमच्या पॉल एल्स्टाक यांनी १९९२ साली ‘रॉटरडॅम रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली. ‘थंडरडोम’ हे प्रचंड मेळेही त्याच वर्षी सुरू झाले.

मुंडण केलेली डोकी, खेळाडूंचे ढगळ पोशाख आणि ‘हाकन’ नावाचे पायांचे अतिजलद नृत्य पाहून सभ्य समाज बिचकला. त्यातच काही वंशद्वेष्टे तरुण या मेळ्यांत शिरले आणि कलंक मात्र साऱ्यांनाच लागला. तेव्हा या क्षेत्रातील मंडळींनी तबकड्यांवर वंशद्वेषाच्या निषेधाची वाक्ये छापली. यातील विपर्यास असा की, ज्या नावाने ते द्वेष्टे मिरवत होते, ते नावच ज्यू लोकांनी हॉलंडला दिलेले होते. ‘गॅबर’ म्हणजे सोबती. मूळ हिब्रू शब्द यिडिशमार्गे अ‍ॅम्स्टरडॅमच्या बोलीत आला आणि तेथून या संगीताला लाभला.

हे संगीत प्रत्येक कानाला रुचेल असे नाही. परंतु केवळ गोंगाट म्हणून झिडकारण्यापूर्वी तो ठोका एकदा स्वर म्हणून ऐकावा, आणि त्याभोवती जमलेल्या तरुणांनी स्वतःला सोबती म्हटले होते, हेही ध्यानात ठेवावे.