जाब एका पायरीवर थांबू नये

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविणाऱ्या आपल्या मुलामुलींचा गौरव होतो. तो व्हावयासच हवा. परंतु ज्यांचे गुण चारचौघांत सांगण्यासारखे नसतात, त्यांच्या घरी निकालाच्या रात्री काय बोलले जाते, हेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. ‘गणिताचे सर वर्गात काही शिकवीतच नाहीत’, ‘इंग्रजीच्या बाई निम्मे वर्ष रजेवरच होत्या’. दोषाचा शोध शिक्षकापाशी येतो आणि तेथेच संपतो. शिक्षकास जाब विचारू नये, असे आम्ही म्हणत नाही. आयुष्याची ३१ वर्षे आम्ही स्वतः हाती खडू धरला आहे आणि या पेशातील आळस फार जवळून पाहिला आहे. आमचे म्हणणे इतकेच, की शाळेची जिना-पायरी एकच नसते.

आमच्या माहितीतील एक हकीकत सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शाळा अनुदानित, माध्यमिक. दहावीच्या दोन तुकड्या, प्रत्येकीत सत्तरांवर मुले. गणिताचे एक शिक्षक निवृत्त झाले आणि ती जागा दोन वर्षे रिकामी राहिली. त्यांचे नववीचे तास कोणाकडे जावेत? ते चित्रकलेच्या शिक्षकांकडे गेले, कारण वेळापत्रकात त्यांचे तास कमी भरत होते. उरलेल्या एकमेव गणित-शिक्षकाचे नाव मतदारयादीच्या कामासाठी पाठविले गेले. ते नाव निवडले मुख्याध्यापकांनीच. शिक्षकांच्या टाचणवह्यांवर दर सोमवारी नेमाने सही होत असे, परंतु लॉगबुकात त्या दोन वर्षांत गणिताच्या एकाही तासाच्या निरीक्षणाची नोंद नव्हती. नववीत कच्ची राहिलेली मुले दहावीत गेली व निकाल कोसळला. शालेय समितीने लेखी खुलासा मागविला, तो एकट्या गणित-शिक्षकाकडून. आणि खुलासा मागविणाऱ्या त्या पत्राखाली सही होती मुख्याध्यापकांची!

यात कोणी नियम मोडला असे समजू नये. उलट, व्यवस्थाच तशी आहे. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली अधिनियम झाला व १९८१ साली त्याची नियमावली आली. तीनुसार शालेय समितीत संस्थेचे प्रतिनिधी, शिक्षकांचा एक प्रतिनिधी आणि पदसिद्ध चिटणीस म्हणून मुख्याध्यापक बसतो. शिक्षकाचा गोपनीय अहवाल मुख्याध्यापक लिहितो. मुख्याध्यापकाचा अहवाल संस्थेने लिहावयाचा असतो. पण संस्थाचालक शाळेत येतात ते बहुधा झेंडावंदनास, संमेलनास आणि इमारत निधीच्या कामास. वर्गाच्या मागील बाकावर बसून त्यांनी कधी तास पाहिला आहे काय? मग अहवालात काय उतरणार? फी वेळेवर जमा झाली, शिक्षणाधिकारी कार्यालयाशी संबंध गोड राहिले, की मुख्याध्यापक उत्तम!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याकडे पाहिले तरी तोच कल दिसतो. त्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये एकामागून एक सांगितली आहेत: वेळेवर व नियमित यावे, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करावा, प्रत्येक मुलाची कुवत पाहून कमी पडेल तेथे जादा शिकवावे, पालकांस भेटावे. हे न करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाईही सांगितली आहे. परिशिष्टात मुख्याध्यापकाचा उल्लेख येतो तो मात्र अमुक पटसंख्येवर एक पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा अशा हिशेबात. त्याने करावयाचे काय, याची तशी यादी तेथे नाही.

वस्तुतः शिक्षकाच्या हाती एक तास असतो. शाळेचा दिवस मुख्याध्यापकाच्या हाती असतो. वेळापत्रक तो आखतो. रजेवरील शिक्षकाच्या तासाला कोण जाईल, की मुलांना पटांगणात सोडून दिले जाईल, हे तो ठरवितो. कच्च्या मुलांसाठी जादा तास ठेवावयाचे की नाहीत, प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून किती वेळा उघडावयाचे, नवख्या शिक्षकास पाचवीची शांत तुकडी द्यावयाची की कोणासच नको असलेली नववी ‘क’, या सर्व गोष्टी त्याच्या खोलीत ठरतात. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हाची चिपळूणकर-टिळकांची नावे घराघरांत माहीत आहेत. त्या शाळेचा कारभार सुपरिंटेंडेंट म्हणून वामन शिवराम आपटे यांनी पाहिला आणि पुढे फर्गसन कॉलेजाचे पहिले प्राचार्यही तेच झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज त्यांची ओळख उरली आहे ती कोशकार म्हणून.

येथे कोणी म्हणेल, मग निकालाचा टक्का धरून मुख्याध्यापकांस बोल लावा. ही वाट आम्हांस मुळीच मान्य नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात परीक्षेत उतरलेल्या मुलांच्या हिशेबाने शाळांना अनुदान देण्याची रीत होती. त्यामुळे घोकंपट्टी वाढली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती रीत सोडून द्यावी लागली. आजही केवळ टक्क्यावर बोट ठेवले, तर कच्च्या मुलास नववीतच अडकवून किंवा सतरा नंबरचा अर्ज भरावयास लावून टक्का सजविता येतो. हे प्रकार आपल्यापैकी काही कुटुंबांनी सोसले आहेत.

मुख्याध्यापकाची बाजूही ऐकली पाहिजे. अनुदानित शाळेत जागा मंजूर करणे त्याच्या हाती नाही. संचमान्यता सरकार करते आणि भरतीसाठी पवित्र पोर्टलाकडे डोळे लावून बसावे लागते. पोषण आहाराचा हिशेब, ‘यू-डायस’ची माहिती, शालार्थवरील पगारबिले यांत त्याची सकाळ सरते. शिवाय तो त्या खुर्चीवर येतो सेवाज्येष्ठतेने. नियमानुसार ज्येष्ठतम पात्र शिक्षकास ते पद मिळते, पुष्कळदा निवृत्तीस दोन-तीन वर्षे उरली असता. आणि शिक्षकाचा उद्या कारभारी होतो तो कारभाराचे फारसे शिक्षण न घेताच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांनीही दरवर्षी ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. त्याची अंमलबजावणी आपल्या शाळेत होते काय, हे विचारण्यास हरकत नसावी. म्हणून जेथे त्याच्या हाती अधिकार नाही, तेथे त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. रिकाम्या जागेचा जाब संस्थेने व शिक्षण खात्याने द्यावा. पण त्या रिकाम्या जागेचे तास कोणास दिले, याचा जाब मुख्याध्यापकानेच दिला पाहिजे.

आता आपल्या मंडळापुरते. आपले कित्येक बंधुभगिनी निरनिराळ्या गावी शालेय समित्यांवर, शाळा व्यवस्थापन समित्यांवर आणि पालक-शिक्षक संघांत आहेत. कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. परंतु सभेच्या दिवशी चहा घेऊन पुस्तकात सही करण्यापलीकडे तेथे काय होते? त्यांना आमची विनंती अशी, की एखाद्या शिक्षकाविरुद्ध तक्रार पुढे आली तर आधी त्या वर्षीचे वेळापत्रक मागवावे. बदली तासांची वही पाहावी. मुख्याध्यापकांनी लॉगबुकात त्या शिक्षकाच्या तासाविषयी काय लिहिले, केव्हा लिहिले आणि त्यानंतर त्यास कोणती मदत दिली, हे सौम्य शब्दांत पण लेखी विचारावे. पाने कोरी निघाली तर खुलासा दोघांकडून मागवावा, आणि मुख्याध्यापकांच्या खुलाशाचा विचार चालू असता चिटणीसपदाचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

मंडळातर्फे आपण दरवर्षी आदर्श शिक्षकाचा सत्कार करतो. पुढील वर्षापासून ज्या शाळेतील कच्ची मुले वर आली, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांसही शालजोडी द्यावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहो. समित्यांवर असलेल्या सभासदांनी आपली नावे चिटणिसांकडे नोंदवावीत. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी एका रविवारी मंडळाच्या सभागृहात त्यांच्यासमवेत बसून लॉगबुक व वेळापत्रक कसे वाचावे, हे दाखविण्यास आम्ही तयार आहो.