बैल जाण्याआधीचा झोपा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयांत समुद्रकिनाऱ्याचे नाव पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपल्या शिवारापासून समुद्र शेकडो मैल लांब. आपण पाणी नाही म्हणून मरतो, तिकडची माणसे पाणी घरात शिरते म्हणून मरतात. कपाशी-ज्वारीवाल्यांनी वादळाची चर्चा कशाला करायची?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की सरकारी दप्तरात कोळ्याची होडी आणि आपली कपाशी एकाच यादीत बसवलेली आहे. आपत्ती निवारणाचा निधी एकच. त्यात केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के. गारपीट आणि दुष्काळ त्यातच, वादळ आणि पूरही त्यातच. २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्राने लावून दिलेले दर पाहा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही नुकसान ३३ टक्क्यांवर गेले तर आणि दोन हेक्टरांच्या मर्यादेत. त्याच यादीत पूर्ण मोडलेल्या होडीला १५,०००, गेलेल्या जाळ्याला ४,००० आणि सपाट मुलखातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार. आपले ८,५०० म्हणजे एकरी ३,४००. बियाणे, खत आणि दोन फवारण्यांत ते संपतात, वेचणीची मजुरी तर बाजूलाच राहिली. चार हजारांत कोळ्याचे जाळे किती विणले जाईल, याचा अंदाज आपल्याइतका दुसरा कोण करू शकेल?

म्हणून किनाऱ्यावर सरकार पैसा कसा खर्च करते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्यातले चांगले काय ते उचलायचे, वाईट काय ते ओळखायचे.

आधी चांगले सांगतो. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ रोजी महाचक्रीवादळ आले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात. जगतसिंगपूर जिल्ह्यात एरसमाच्या बाजूला समुद्र भिंतीसारखा उभा राहून गावांत शिरला. सरकारी आकड्याप्रमाणे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यातली बहुतेक या एका जिल्ह्यातली. गुरेढोरे लाखांनी मेली. इशारा मिळाला नव्हता असे नाही. पण इशारा ऐकून माणसाने जायचे कोठे? मातीच्या घरातून निघून शेजारच्या मातीच्या घरात?

त्यानंतर त्या राज्याने एक शहाणपण केले. त्याच वर्षी आपत्तीच्या कामासाठी वेगळे प्राधिकरण स्थापन केले आणि किनाऱ्यावर निवारे बांधायला घेतले. निवारा म्हणजे काही मोठी जादू नाही. उंच खांबांवरची पक्की इमारत, खालून पाणी वाहून जावे अशी मोकळी जागा, वर जायला जिना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी उतार. एरवी तेथे शाळा भरते किंवा गावाची बैठक होते, म्हणून इमारत वापरात राहते. गावाचीच समिती, गावातलीच पोरे झाड कापायला, जखमी उचलायला शिकवलेली. आज असे आठशेहून अधिक निवारे तेथे आहेत.

फळ काय मिळाले? १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरला फायलिन वादळ आले. जवळजवळ दहा लाख माणसे आधीच हलवली होती. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ फनी आले, बारा लाख माणसे हलवली, मृत्यू ६४. एकही मृत्यू क्षुल्लक नसतो. पण दहा हजार कोठे आणि ६४ कोठे! समुद्र तोच, वारा तसाच, माणसेही तशीच गरीब. फरक एवढाच की पैसा वादळाच्या आधी खर्च झाला. आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला अन् झोपा केला. तेथे बैल जाण्याआधी झोपा झाला.

आता दुसरी बाजू. फनीत माणसे वाचली, पण लाखो घरे पडली, नारळ, काजू आणि पानवेलीचे मळे झोपले, विजेचे खांब काडीसारखे मोडले. नुकसानीचा अंदाज सुमारे २४ हजार कोटी रुपये. निवाऱ्यात जीव वाचतो, संसार वाचत नाही. माणूस दोन दिवसांनी खाली उतरतो तेव्हा त्याला घर नसते, होडी नसते, झाड नसते. आणि येथून पुढे तो पुन्हा तलाठ्याच्या पंचनाम्याच्या हवाली होतो. जीव वाचवायला सरकार शिकले, जगवायला अजून शिकलेले नाही.

हे आपल्या राज्यात फार जवळून दिसले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात धडकले. माणसे हलवली होती, मृत्यू थोडे झाले. पण श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ फळायला पाच-सहा वर्षे लागतात, नारळालाही तेवढी किंवा जास्त. आपली कपाशी गेली तर एक हंगाम जातो. वाडी गेली की बापाने लावलेले जाते आणि पोरगा मिसरूड फुटेपर्यंत हातात काही येत नाही.

भरपाई काय? राज्याने केंद्राच्या दरात भर घालून फळबागेला हेक्टरी ५० हजार जाहीर केले. मुंबईत बसून ऐकले तर आकडा भला वाटतो. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. दहा गुंठ्यांच्या वाडीला झाले पाच हजार. त्या दहा गुंठ्यांत नारळ, पोफळ, जायफळ, मिरी असे एकावर एक उभे असते. ओरड झाली तेव्हा झाडामागे दर लावला, नारळाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. पन्नास रुपयांत मोडलेली पोफळ तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी तरी सुटेल का? माप चुकीचे असले की दर वाढवूनही पदरात काही पडत नाही. हे आपल्याला नवे नाही. कोरडवाहू रानाची नुकसानी पैसेवारीच्या काट्यावर कशी हलकी भरते, ते आपण पिढ्यान् पिढ्या पाहतो आहोत.

आणि आधीच्या खर्चाचे म्हणाल, तर वादळापासून बचावाची जी राष्ट्रीय योजना ओडिशा आणि आंध्रात २०११ साली सुरू झाली, ती महाराष्ट्राला २०१५ मध्ये मंजूर झाली. निवारे, जमिनीखालून विजेच्या तारा अशी कामे त्यात होती. निसर्ग आले तेव्हा आपल्याकडची कामे पुरी झालेली नव्हती. खांब पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. मंजूर कागद वाऱ्याला अडवत नाही.

तिसरी गोष्ट वादळाहून हळू आहे, पण जास्त वाईट आहे. समुद्र जमीन खातो. १९९० ते २०१८ या काळाची सरकारी पाहणी सांगते, की देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजतो आहे. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचा सात गावांचा समूह होता. एकेक गाव समुद्राने गिळले. उरलेल्या ५७१ कुटुंबांना सरकारने २०१८ च्या सुमारास बागपतिया येथे नेऊन वसवले. घरासाठी १० डिसमिल, म्हणजे चार गुंठे जागा आणि बांधकामाला पैसे दिले. शेती मात्र दिली नाही. समुद्र दूर झाला तशी मासळी आणि भाताचे रानही दूर झाले. तरणी पोरे केरळात मजुरीला जातात. घर हलले, पोट मागेच राहिले. धरणाखाली गेलेल्या गावांची माणसे आपल्यात आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दगडी बंधारे घाला, असेही पुढारी सांगतात. काही जागी ते लागतातच. पण बंधाऱ्यावर आपटलेली लाट पुष्कळदा पुढच्या गावची वाळू ओढून नेते. उलट याच केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे १९९९ च्या वादळात मृत्यू कमी झाले होते. मग खारफुटीवर खर्च कमी आणि दगडावर जास्त, असे का व्हावे? दगडाची मोजमापवही भरता येते, बिल निघते. उभ्या झाडाचे कंत्राट निघत नाही.

कोणी म्हणेल, किनाऱ्याला दिले तर आपल्या वाट्याचे जाईल. हे भांडण लावणाऱ्यांचेच गणित आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर या राज्यात रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिच्यासाठी शहरातल्या पगारदारावर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या पगारातून आपल्या पाझर तलावाची माती उचलली गेली. ते दान नव्हते, एका राज्यात राहण्याचा तो व्यवहार होता. आज तोच व्यवहार कोळ्याला आणि वाडीवाल्याला नाकारायचा आणि उद्या आपला दुष्काळ घेऊन मुंबईच्या दारात जायचे, हे जमणार नाही. खरे भांडण दुष्काळ आणि वादळ यांच्यात नाही. ते आधीचा खर्च आणि नंतरचा खर्च यांच्यात आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने हे थोडेसे ओळखले. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांना आपत्तीचे १ लाख ६० हजार कोटी ठरवले आणि त्यातले २० टक्के आपत्ती येण्याआधीच्या कामासाठी वेगळे काढले. समुद्र-नद्यांच्या धुपीत घर गेलेल्यांच्या पुनर्वसनाला मात्र सगळ्या देशात मिळून पाच वर्षांसाठी एक हजार कोटी. एकतृतीयांश झिजणाऱ्या किनाऱ्याला ही ठिगळाएवढीही चिंधी नाही.

तेव्हा आमचे म्हणणे चार कलमांत मांडतो.

१. आपत्तीआधी किती आणि नंतर किती खर्च झाला, याचा जिल्हावार हिशेब दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

२. भरपाई उत्पादनखर्चाला आणि पुन्हा उभे करण्याच्या खर्चाला जोडली पाहिजे. वाडीला झाड मोजा, कोळ्याला होडी-जाळ्याचा बाजारभाव धरा, कोरडवाहूला लागवडीचा खर्च धरा.

३. गाव हलवायचे तर घराबरोबर रोजीही हलली पाहिजे. शेती किंवा समुद्राची वाट दिल्याशिवाय पुनर्वसन पुरे झाले असे कागदावर लिहू नये.

४. मदत मंत्र्याच्या दौऱ्यावर आणि पॅकेजच्या घोषणेवर नको. मुदत ठरलेली, नाही मिळाली तर व्याजासह मागता येईल अशी हवी.

हे नुसते ठराव करून भागणार नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो आणि त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपल्या जिल्ह्याचा आराखडा प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने लेखी अर्ज करून मागवावा. त्यात दुष्काळासाठी, गारपिटीसाठी आधी काय करायचे लिहिले आहे आणि त्यातले काय झाले, हे वाचून पुढच्या बैठकीला यावे. ओडिशाच्या गरीब गावांनी दाखवून दिले, की आधी खर्च केलेला पैसा माणसे वाचवतो. आपल्या शिवारात तो आधी का खर्च होत नाही, हा प्रश्न आता आपण कागद हातात घेऊन विचारायचा आहे.