शिक्षकांची निवड आणि राजसत्तेचा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सार्वजनिक शाळांतील राजकीय हस्तक्षेप हा विषय मी निवडावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. आपल्यापैकी अनेकांची मुले या शाळांत जातही नाहीत. परंतु ज्या भूमीने आपल्याला अन्न दिले, मान दिला, तिच्या शाळांचे सुखदुःख आपल्याला परके कसे असेल?

शिवाय या विषयाशी आपला जुना संबंध आहे. सखाराम गणेश देउस्कर हे नाव आपल्याला परिचित आहे. मराठी घराण्यातील हा पुरुष देवघरच्या शाळेत शिक्षक होता. देवघर आज झारखंडात आहे. तेव्हा ते बंगाल प्रांतात होते. तेथील इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी १८९४ साली ‘हितवादी’ पत्रात लेख लिहिले. तेव्हा शाळेतून काढून टाकण्याची धमकी त्यांना मिळाली. देउस्करांनी नोकरी सोडली, ते कलकत्त्यास आले आणि त्याच पत्रात मुद्रितशोधक झाले. पुढे १९०४ साली ‘देशेर कथा’ लिहून त्यांनी बंगाली वाचकांच्या मनात कायमचे स्थान मिळविले.

ती सत्ता परकी होती. शिक्षकाने आपल्याविरुद्ध बोलू नये, एवढीच तिची अपेक्षा होती. स्वराज्यात हस्तक्षेपाने निराळा मार्ग धरला. शिक्षकाने काय बोलावे यापेक्षा शिक्षक कोणी व्हावे, हे ठरविण्यातच त्याला अधिक लाभ दिसू लागला.

पश्चिम बंगालमध्ये पूर्वी अनुदानित शाळांची व्यवस्थापन समिती शिक्षक निवडीत असे. गावातील वजनदार मंडळींचा शब्द तेथे चालतो, ही तक्रार नित्याची होती. म्हणून १९९७ च्या कायद्याने स्कूल सर्व्हिस कमिशन स्थापन झाले. सर्वांना एक परीक्षा, सर्वांची एक गुणानुक्रम यादी, हा त्यामागील हेतू. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु गावोगावी विखुरलेला वशिला बंद करण्यासाठी सारी सत्ता एका दाराशी आणली, तर त्या दाराची राखणही तितकीच कडक हवी. ती राहिली नाही.

२०१६ च्या निवडप्रक्रियेत सुमारे २४,६४० जागांसाठी २३ लाखांवर उमेदवार परीक्षेला बसले. गुणानुक्रमात खाली असलेले वर गेले, यादीत नसलेल्यांना नेमणुका मिळाल्या, यादीची मुदत संपल्यावरही नेमणुका होत राहिल्या. २०१४ ते २०२१ या काळात शिक्षणखाते सांभाळलेले पार्थ चटर्जी यांना जुलै २०२२ मध्ये अटक झाली. व्यक्तींच्या अपराधाचा निवाडा न्यायालयांनी करावयाचा. आपण त्यात पडू नये. परंतु निवडप्रक्रियेविषयी निर्णय झालेला आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या २५,७५३ नेमणुका रद्द केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २०२५ रोजी तो निर्णय कायम केला.

मला आज सांगावयाचे आहे ते येथेच आहे. या २५,७५३ जणांत प्रामाणिकपणे अभ्यास करून उत्तीर्ण झालेले हजारो जण होते. मग त्यांच्याही नोकऱ्या का गेल्या? मूळ उत्तरपत्रिका नष्ट करण्यात आल्या होत्या आणि नोंदींत लपवाछपवी झाली होती. त्यामुळे संपूर्ण प्रक्रियाच दुरुस्तीपलीकडे दूषित झाल्याचा निष्कर्ष निघाला. ज्यांचा गैरमार्ग सिद्ध झाला, त्यांना वेतन परत करण्याचा आदेश झाला. इतरांना ते परत करावयाचे नव्हते, पण पद मात्र त्यांचेही गेले. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते असे. वशिल्याने अपात्र मनुष्य आत येतो, हे आपण जाणतोच. पात्र मनुष्याच्या पात्रतेचा पुरावाही तो जाळून टाकतो, हे आपण विसरतो.

आणि शाळांचे काय? वर्ग उघडे पडू नयेत म्हणून १७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निष्कलंक शिक्षकांना तात्पुरते राहू द्यावे लागले. शिक्षकेतरांना ती सवलत मिळाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नवी परीक्षा झाली. अनेक वर्षे इतरांच्या परीक्षा घेतलेले शिक्षक पुन्हा स्वतः परीक्षेला बसले. आपल्यासमोर उभा असलेला शिक्षक खरा की खोटा, ही शंका ज्या विद्यार्थ्यांच्या मनात आली, तिची भरपाई कोणत्याही निकालपत्राने होणार नाही.

हे ऐकून आपण महाराष्ट्राच्या नावाने पाठ थोपटून घेऊ नये. तेथे शिक्षक पात्रता परीक्षेतील गुणबदलाच्या प्रकरणी डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली होती आणि सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. तेथे आरोप मुख्यतः अधिकारी व दलाल यांच्यावर होते, परंतु वाट तीच होती: बंद कपाटातील उत्तरपत्रिका.

म्हणून निवडीचा अधिकार गावाकडून राजधानीकडे, किंवा राजधानीकडून गावाकडे नेल्याने हा रोग जात नाही. अधिकार कोणाकडेही असो, त्याचे कागद सर्वांना दिसले पाहिजेत. बंगालमधील नव्या परीक्षेत उमेदवाराला उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळाली. त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती १० वर्षे जपण्याचा नियमही झाला. बाब लहान वाटेल, पण त्या प्रतीच्या बळावर एखाद्या शेतकऱ्याची मुलगी मंत्र्यालाही जाब विचारू शकेल. गुणांसह यादी प्रसिद्ध व्हावी, प्रतीक्षायादीतील प्रत्येक बदलाचे कारण लिहिले जावे, एवढे आपण नागरिक म्हणून अवश्य मागावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे.

आणि एक आपल्यापुरते. आप्तेष्टांपैकी कोणासाठी ‘साहेबांना एक शब्द टाका’ अशी विनंती आपल्याकडे येते, तेव्हा तो शब्द न टाकणे हीदेखील शाळेची सेवाच होय. त्या एका शब्दाने यादीतून ज्याचे नाव खाली सरकते, त्याला आपण कधीही पाहिलेले नसते.