पदकं त्यांची, दप्तर आपलंही

(राळेगणसिद्धी येथे माजी सैनिकांच्या घरांतल्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



आज इथे जमलेल्यांत कुणाचे यजमान फौजेतून निवृत्त होऊन आलेत, कुणाचे सासरे, कुणाचा भाऊ. काहीजणींचे यजमान आता नाहीत. पण आपल्या सगळ्यांच्या घरात एक वस्तू नक्की आहे, ती म्हणजे डिस्चार्ज बुक. ट्रंकेत तळाशी, पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. पेन्शनीच्या कामाला ते बाहेर निघतं आणि काम झालं की परत आत जातं. आत काय लिहिलंय, असं मी ज्या ज्या बाईला विचारलं, तिचं उत्तर एकच: ‘ते त्यांचं आहे, मला काय ठाऊक?’

माझं म्हणणं आहे की ते आपलंही आहे. त्यांच्या पश्चात ते हातात घेऊन कचेरीच्या दारात उभं राहायचं असतं ते आपल्याला. म्हणून ते आजच, ते समोर असताना, उघडून वाचायचं. आणि वाचताना दोन गोष्टी बघायच्या. त्यांनी कमावलेली पदकं त्यात आहेत का? आणि आपलं नाव त्यात बरोबर आहे का?

कागदावर नोंद असली-नसली तर काय फरक पडतो, हे या गावाला वेगळं सांगायला नको. अण्णा हजारे, म्हणजे दप्तरातले किसन बाबुराव हजारे, फौजेत गाडी चालवत होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात होते. १९७५ साली निवृत्त होऊन इथे आले आणि पुढे पाण्याचं, दारूबंदीचं काम उभं राहिलं. २०११ साली लोकपालासाठी दिल्लीत उपोषण झालं, तेव्हा त्यांच्या फौजेतल्या नोकरीबद्दलच शंका काढण्यात आल्या. मग माहितीच्या अधिकारात अर्ज गेला, आणि लष्कराने दप्तर बघून उत्तर दिलं: १९७५ साली सन्मानपूर्वक निवृत्त, नोकरीत शिक्षा झालेली नाही, आणि पाच पदकं मिळालेली. सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि पश्चिमी स्टार.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००३ साली आला, तो याच गावातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाच्या रेट्याने. देशाचा कायदा २००५ चा. ज्या माणसाने दप्तरं उघडायला लावली, त्याच्यावर शंका आली तेव्हा त्याच कायद्याने उघडलेलं दप्तर त्याच्या कामी आलं.

ती पाच नावं नुसती शोभेची नाहीत, ती वाचता येतात. सैन्य सेवा मेडल म्हणजे सरहद्दीच्या कठीण मुलखात नोकरी केली. संग्राम मेडल म्हणजे १९७१ च्या युद्धाच्या वेळी सेवेत होते. पश्चिमी स्टार म्हणजे त्या युद्धात पश्चिमेच्या आघाडीवर होते. पूर्वेला, बांगलादेशच्या बाजूला असते तर पूर्वी स्टार मिळाला असता. पंचविसाव्या वर्षाचं मेडल म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ ला अंगावर वर्दी होती. सातबाऱ्यावरून जमिनीचा इतिहास कळतो, तसा पदकांच्या रकान्यावरून शिपायाचा इतिहास कळतो.

अण्णांच्या वेळी सगळ्या देशाचं लक्ष होतं. आपल्या घरातल्या शिपायावर कुणी शंका घेतली, तर अर्ज कोण करणार? आपणच. आणि रकाना कोरा असेल तर दप्तर काय उत्तर देणार?

रकाना कोरा राहतो कसा, तेही समजून घ्या. युद्ध संपलं की पदक लगेच छातीवर येत नाही. सरकार पदक जाहीर करतं, त्याला एखाद-दोन वर्षं जातात. मग पलटणीने पात्र शिपायांची यादी करायची, लेखी हुकूम काढायचा आणि तो रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा. तिथला कारकून शिपायाच्या कागदावर नोंद करणार. एवढ्यात तो शिपाई दुसऱ्या पलटणीत गेला असेल किंवा मुदत संपून घरी आला असेल, तर नोंद अर्ध्या वाटेत राहते. तोही गावी येऊन नांगर धरतो. मेडल आलं नाही म्हणून पत्र लिहीत बसायला त्याला वेळ नसतो आणि तसं मागणं त्याला बरंही वाटत नाही.

आमच्याकडे मदतीला आलेल्या एका बाईची हकीकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. तिचे यजमान १९७१ ला पश्चिमेच्या आघाडीवर होते. ते गेल्यावर मुलाने बुक उघडलं, तर पदकांच्या जागी एकच ओळ, नऊ वर्षांच्या सेवेची. युद्धाचं काही नाही. नातू विचारायला लागला, ‘आजोबा खरंच लढाईत होते का?’ बाईला ते फार लागलं. तिने अर्ज द्यायचं ठरवलं. एका कचेरीत गेली, तर टेबलावरच्या माणसाने बुक पाहिलं, तिचं आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाला, ‘शिपायाची बायको दुसरीच कुणीतरी दिसते. तुम्ही कोण?’

झालं होतं असं, की बुकात तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, रेशनकार्डावर आणि आधारवर बदललेलं नाव चढलं. नाव बदलताना तिला कुणी विचारलं नव्हतं. आता त्या बदलाचा पुरावा मात्र तिने आणायचा होता. चाळीस वर्षं संसार करून तिला ‘मीच ती’ म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

नवऱ्याचा फौजेतला नंबर तिला तोंडपाठ होता. लिहिता येत नव्हतं, पण दर महिन्याला शेजारच्या पोराकडून पत्र लिहून घ्यायची. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत ५६ एपीओ, हे सगळं ती सांगायची आणि पोरगं लिहायचं. नवऱ्याची आलेली पत्रं तिने जपून ठेवली होती. त्यातल्या डिसेंबर १९७१ च्या अंतर्देशीय पत्रावर पलटणीचं नाव आणि लष्करी टपालाचा शिक्का होता. त्याची प्रत आम्ही अर्जाला जोडली. आमच्या पलटणीचं युद्धाच्या काळातलं दप्तर बघा आणि नोंद करा, एवढंच लिहिलं. दीड वर्ष लागलं, तीन स्मरणपत्रं गेली. शेवटी उत्तर आलं आणि दोन ओळी वाढल्या: संग्राम मेडल, पश्चिमी स्टार. प्रत्यक्ष पदकं अजून यायची आहेत. पण नातवाने ते उत्तर शाळेत नेऊन दाखवलं.

तुम्ही विचाराल, यातून पैसा किती मिळतो? खरं ते सांगते. संग्राम मेडल, स्टार, दीर्घ सेवेचं मेडल यांना दरमहा भत्ता नाही. ही मानाची आणि पुराव्याची पदकं आहेत. लढाईत जखमी झालेल्याला मिळतं त्या पदकाची गोष्ट थोडी वेगळी, कारण जखम युद्धातली होती हे सिद्ध करताना ती नोंद उपयोगी पडते आणि युद्धातल्या जखमेचं पेन्शन साध्या पेन्शनीपेक्षा जास्त असतं.

भत्ता आहे तो शौर्यपदकांना. ऑगस्ट २०१७ पासून जे दर ठरले, त्यांत वीरचक्राला महिना ७,००० रुपये, शौर्यचक्राला ६,०००, शौर्याच्या सेना मेडलला २,०००. शिपाई गेल्यावर हा भत्ता त्याच्या पत्नीला मिळतो. आणि इथे एक नियम होता, तो प्रत्येकीने लक्षात ठेवावा. विधवेने पुन्हा लग्न केलं की भत्ता बंद. मात्र तिने दिराशी लग्न केलं आणि त्याच घरात राहिली, तर चालू! म्हणजे पैसा तिचा नव्हताच, त्या घराचा होता. ती घरात राहिली तर तिच्या हातून जायचा, एवढंच. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने काढून टाकली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाल्यावर! ज्या बायकांचा भत्ता या अटीमुळे थांबला होता, त्यांतल्या किती जणींपर्यंत ही बातमी पोचली असेल? तुमच्या माहितीत अशी कुणी असेल, तर तिला आज संध्याकाळीच सांगा.

आणखी एक गोष्ट. परमवीरचक्राचं चित्र कुणी काढलं, माहीत आहे? एका बाईने. सावित्रीबाई खानोलकर. जन्म स्वित्झर्लंडमधला, माहेरचं नाव इव्ह. फौजेतल्या विक्रम खानोलकरांशी लग्न करून त्या मराठी घरात आल्या. देशातलं सगळ्यांत मोठं पदक बाईच्या हातून घडलं, आणि पदकाच्या कागदाजवळ मात्र बाईने जायचं नाही, असा रिवाज आपण चालू ठेवलाय.

आता कामाचं बोलते. लिहून घ्या.

पहिलं, बुकातली मोहिमांची आणि पदकांची पानं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. १९६५ च्या युद्धात सेवेत असतील तर रक्षा मेडल, आघाडीवर असतील तर समर सेवा स्टार. १९७१ चं वर सांगितलंच. कारगिलला, १९९९ साली असतील तर ऑपरेशन विजय स्टार किंवा मेडल. सियाचीनला असतील तर त्याचं वेगळं मेडल आहे. किती दिवस नोकरी हवी, कोणत्या भागात हवी, याचे नियम प्रत्येक पदकाला आहेत, म्हणून ‘मिळालंच पाहिजे’ असं न लिहिता ‘पात्रता तपासून नोंद करावी’ असं लिहा. शौर्यपदक असं मागून मिळत नाही. ते राजपत्रात जाहीर झालेलं असतं. जाहीर होऊनही बुकात चढलं नसेल, तर ते चढवून घ्यायचं.

दुसरं, अर्ज कुठे करायचा? ज्या रेजिमेंटचे किंवा कोअरचे ते, तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्याला खडकीत, महार रेजिमेंटचं मध्यप्रदेशात सागरला, ईएमईचं सिकंदराबादला, रणगाड्यांच्या दळाचं आपल्या नगरलाच. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि पोच घ्या. नंबर, हुद्दा, नाव, त्या वेळची पलटण, भरतीची आणि निवृत्तीची तारीख एवढं त्यात हवंच.

तिसरं, उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा की अर्जाचं काय झालं आणि दप्तरात कोणती पदकं आहेत. यजमान हयात असतील तर सही त्यांची. नसतील तर वारस म्हणून तुमची. त्यानेही भागलं नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, काम २००९ पासून सुरू झालं, आणि मुंबईत त्याचं पीठ आहे.

चौथं, पेन्शन नसलेल्यांनी नीट ऐका. पेन्शनीआधी घरी आलेल्या शिपायाची कागदपत्रं नियमाप्रमाणे साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात. लाँग रोल नावाच्या नोंदवहीतली ओळ तेवढी उरते. अशा घरात ट्रंकेतलं बुक हाच पुरावा. त्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि वेगवेगळ्या घरांत ठेवा. जुनी पत्रं, मनिऑर्डरीची पावती, पलटणीतला फोटो, यातलं काही चुलीत घालू नका.

पाचवं, आपलं नाव. बुकात, पेन्शनीच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, आधारवर आणि बँकेत ते एकच आहे का बघा. जन्मतारीखही बघा. पेन्शनीचं काम आता ‘स्पर्श’ या संगणकाच्या व्यवस्थेत गेलंय, आणि एका अक्षराचा फरक असला तरी संगणक अडतो. यजमान हयात असताना त्यांच्या एका अर्जाने आणि प्रतिज्ञापत्राने हे होतं. त्यांच्या मागे तेच काम चार कचेऱ्यांचं होतं. त्यात आपल्या जिल्ह्याचंही नाव २०२४ साली बदललंय. जुन्या कागदावर अहमदनगर, नव्यावर अहिल्यानगर. त्यावरून कुणी अडवलं तर घाबरू नका, जिल्हा तोच आहे.

शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावोगाव शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. त्या वेळीही काही पुरुष म्हणाले, ‘आमचा काय भरवसा नाही का?’ भरवशाचा प्रश्न नव्हता, तो हक्काचा होता. इथेही तेच आहे. यजमान सरहद्दीवर होते तेव्हा दुष्काळात शेत कुणी राखलं, सासू-सासऱ्यांचं कुणी केलं, पोरं कुणी शिकवली? त्याला डिस्चार्ज बुकात रकाना नाही आणि कुणी पदकही काढलेलं नाही. निदान जो एक रकाना आपल्या नावाचा आहे, तो तरी बिनचूक असू द्या.

गावोगावच्या महिला मंडळांना माझी एक विनंती आहे. हळदीकुंकवाला जमता तशा एका दुपारी बुकं घेऊन जमा. वाचता येणाऱ्या पोरींना बरोबर घ्या. एकेकीचं बुक मोठ्याने वाचा आणि काय राहिलंय त्याची यादी करा. यजमानांनाही बोलवा. कुठली पलटण, कुठला डोंगर, कोण सोबत होतं, हे तेच सांगू शकतील. कितीतरी घरांत ते आजवर कुणी विचारलेलंच नाही. यादी झाली की सगळे अर्ज एकत्र पाठवा. एकटीचा अर्ज बाजूला पडतो. पन्नास जणींचे एकदम गेले, तर त्यांची दखल घ्यावीच लागते.