सेंद्रिय अन्न आणि प्रमाणपत्र



कापडाचा पोत बोटांना कळतो. धान्य सेंद्रिय आहे की नाही, हे पाहून कळत नाही. म्हणून प्रमाणपत्र हवे. ते पिकवण्याच्या संपूर्ण पद्धतीची ग्वाही देते. आपल्या देशात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. त्यात त्रयस्थ संस्था शेत व नोंदवह्या तपासते. पीजीएस पद्धतीत गटातील शेतकरीच परस्परांची शेते पाहतात. हंगामी पिकांसाठी रूपांतरकाळ सर्वसाधारणपणे २ वर्षांचा असतो. त्या काळात रासायनिक खते, कीटकनाशके वर्ज्य; उत्पन्न घटण्याची धास्ती, आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. प्रमाणित माल आपण अवश्य घ्यावा. परंतु या दोन वर्षांतही शेतकऱ्याला रास्त भाव द्यावा. तेव्हाच तो या वाटेवर टिकेल.