तिसरी खुर्ची

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार बेस मॉडेल की टॉप, हे आमच्या पिंपरी-चिंचवडचा कामगार दार उघडल्याबरोबर सांगतो. डॅशबोर्डवर बटणाच्या जागी प्लास्टिकचं कोरं झाकण दिसलं की झालं, बेस! विमानांचंही असंच आहे. बाहेरून भावंडं वाटणारी विमानं कॉकपिटमध्ये डोकावलं की वेगळी निघतात.

एअर इंडियाची जम्बो विमानंच घ्या. १९८८ साली आलेलं ‘शिवाजी’ हे ७४७-३०० जातीचं, तर १९९३ साली आलेलं ‘कोणार्क’ ७४७-४००. दोघांनाही वरचा मजला लांब. पंखांची टोकं वर वळलेली दिसली तर ४००, एवढीच बाहेरची ठळक खूण. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक! ‘शिवाजी’त गोल घड्याळांची दाटी आणि दोन वैमानिकांच्या मागे, उजव्या भिंतीला तिसरं टेबल. तिथे फ्लाइट इंजिनिअर बसायचा. इंधन, तेलाचा दाब, वीज, केबिनमधली हवा, सगळा संसार त्याच्याकडे. ‘कोणार्क’मध्ये घड्याळांच्या जागी पडदे आले आणि ते टेबलच गेलं. बोइंगच्या हिशेबाने जुन्या जम्बोतले ९७१ दिवे, काटे आणि खटके नव्यात ३६५ वर आले. माणसं तिनाची दोन झाली.

हे तिसरं माणूस करायचं काय? उत्तर मुंबईच्या समुद्रात आहे. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं पहिलं जम्बो, ‘एम्परर अशोक’, दुबईला निघालं. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. विमान किती कललं आहे ते दाखवणारं कप्तानासमोरचं उपकरण बिघडलं आणि विमान उजवीकडे कललंय असं दाखवत राहिलं. विमान सरळ होतं. कप्तानाने ते डावीकडे वळवलं, वळवतच राहिला. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात शेवटच्या काही सेकंदांत फ्लाइट इंजिनिअरचा आवाज आहे : त्या उपकरणावर जाऊ नका, असं तो सांगू पाहत होता. वाक्य पुरं व्हायला वेळ मिळाला नाही. वांद्र्यापासून जवळच समुद्रात विमान कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

तो विमान वाचवू शकला नाही, हे खरं. संगणक तेल-तापमान माणसापेक्षा चोख मोजतो, हेही मान्य. पण ज्याच्या हातात सुकाणू नाही त्याची नजर निराळी असते, असं मला वाटतं. चाकणला यंत्रमानव आले तेव्हा लाइनवरचे जुने हात हेच बोलत. आवाजावरून मशीन ओळखणारा माणूस कुठल्या पडद्यावर दाखवणार?

एअर इंडियाचं शेवटचं जम्बो २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून कायमचं गेलं. आता लोहगावला विमानात चढताना कॉकपिटचं दार उघडं असेल तर डावीकडे नजर टाका. वैमानिकापुढे सुकाणूच नाही, बाजूला नुसती छोटी दांडी, तर ते एअरबस ए-३२०च्या घरातलं. पुढ्यात दोन शिंगांचं सुकाणू आणि मध्ये दोन मोठी काळी चाकं दिसली तर बोइंग ७३७. दोन्हींत मागे एक घडीची खुर्ची असते, तपासनिसासाठी. तिच्यापुढे टेबल नाही आणि रोजच्या उड्डाणात ती बहुधा मिटलेलीच असते.